कॅम्परमधला फ्रिज इन्व्हर्टरवर टिकत नाही? फ्रिज बदलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमचं असेल तर पुढे वाचा.

फ्रिज लागताना ‘टक्’ आवाज येतो, चार-पाच सेकंद घुरघुर होते, पुन्हा ‘टक्’ आणि सगळं शांत. थोड्या वेळाने परत तेच.

इन्व्हर्टर बीप-बीप करत ‘लो बॅटरी’ दाखवतो आणि बंद पडतो. तुम्ही उठून बॅटरीला मीटर लावता, तर आकडा १२.५ च्या वर.

संध्याकाळभर फ्रिज छान चालतो आणि पहाटे मान टाकतो.

फ्रिज बंद पडत नाही, पण बॅटरी एवढी उतरते की हिशोबच लागत नाही.

फ्रिजमधला दिवा लुकलुकतो, कॉम्प्रेसर मात्र लागत नाही.

फ्रिज चालतो, पण नेहमीपेक्षा जास्त गुणगुणतो, मागची बाजू चटका देते आणि आत गारवा धरत नाही.

यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीला एक शेपूट असतं: ‘बाहेरची वीज जोडली की हाच फ्रिज मुकाट चालतो.’ खरं निदान त्या शेपटातच आहे. बाहेरच्या विजेवर दिवसभर बिनतक्रार चालणारा फ्रिज सहसा निर्दोष असतो. तरी माणसं आधी फ्रिज बदलतात, मग इन्व्हर्टर, मग पुन्हा फ्रिज. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हा बिघाड मी माझ्या गाडीत आणि इतरांच्या गाड्यांत बऱ्याचदा काढला आहे. दोष बहुतेक वेळा निघाला तो बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या दोन-तीन मीटर वायरीत, नाहीतर कुणी तरी कधी तरी दाबून विसरलेल्या एखाद्या बटणात.

फ्रिज कुठल्या जातीचा आहे?

हे माहीत नसेल तर पुढची सगळी तपासणी आंधळी. गाड्यांमध्ये तीन प्रकार दिसतात. पहिला घरगुती कॉम्प्रेसरचा, जो फक्त एसीवर, म्हणजे घरात येते तशा विजेवर, चालतो आणि म्हणून बॅटरीची डीसी वीज एसीत बदलणारा इन्व्हर्टर मागतो. दुसरा १२ किंवा २४ व्होल्टचा डीसी कॉम्प्रेसर फ्रिज. तो थेट बॅटरीवर चालतो, त्याला इन्व्हर्टर लागतच नाही. काही डीसी फ्रिज एसीवरही चालतात, म्हणून कुणी तरी त्याचा एसी प्लग इन्व्हर्टरला लावून ठेवलेला असतो. बॅटरीची वीज आधी वर चढवायची आणि फ्रिजने ती पुन्हा खाली उतरवायची, हा उपद्व्याप. प्लग काढा, जाड वायरीने फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडा, प्रश्न मिटला.

तिसरा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज, गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा. यात कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेवर काम चालतं. विजेवर असताना आतला हीटर मोठ्या मॉडेलांत ३०० ते ४०० वॅट खातो आणि तो जवळजवळ सतत चालू असतो. ३२५ वॅट म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरची घट धरून, ३० अँपिअर. १०० अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले ५० वापरायचे म्हटले तर दोन तासही निघत नाहीत. हा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवूच नका, मुक्कामाला गॅसवर ठेवा.

जाता जाता: खोक्यावर ‘इन्व्हर्टर फ्रिज’ लिहिलंय म्हणजे तो बॅटरीच्या इन्व्हर्टरसाठी बनवलाय असं नाही. तो इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, फ्रिजच्या आतला. दोघांचा संबंध नावापुरता. फायदा मात्र एक आहे, असे कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतात, त्यामुळे सुरू होतानाचा धक्का फारच कमी बसतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर नुकताच बंद झाला असेल तर आतल्या गॅसचा एका बाजूचा दाब चढलेला असतो. दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटर फिरत नाही, जागच्या जागी करंट ओढते आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटर वाचवणारा आपोआप तुटणारा स्विच, ‘टक्’ करून तिला तोडतो. इन्व्हर्टर बंद पडला की आपण घाईने लगेच चालू करतो, तो पुन्हा पडतो आणि आपली खात्री पटते की फ्रिज मेला. फ्रिज मेलेला नसतो, आपण त्याला श्वास घेऊ दिलेला नसतो.

इन्व्हर्टरचा ‘सर्च’ किंवा ‘पॉवर सेव्ह’ मोड बंद करा. या मोडमध्ये इन्व्हर्टर झोपतो आणि अधूनमधून विजेचा छोटा झटका देऊन ‘कुणी आहे का’ एवढं बघतो. जुन्या, नॉबच्या थर्मोस्टॅटचा फ्रिज लागला की एकदम मोठा लोड येतो आणि इन्व्हर्टर जागा होतो. इलेक्ट्रॉनिक कार्डाचा फ्रिज मात्र सुरुवातीला दोन-चार वॅटच मागतो. इन्व्हर्टरला ते जाणवत नाहीत आणि फ्रिजच्या कार्डाला तुकड्या-तुकड्याने वीज मिळत राहते. लुकलुकणारा दिवा आणि न लागणारा कॉम्प्रेसर, हे लक्षण इथलंच.

अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजचा ‘ऑटो’ मोड बघा. ऑटोमध्ये असे फ्रिज एसी मिळाली की गॅस सोडून एसीवर जातात. तुम्ही लॅपटॉप चार्ज करायला इन्व्हर्टर लावता, फ्रिजला एसीचा वास लागतो आणि तो गुपचूप ३०० वॅटचा हीटर पेटवतो. पॅनेलवर गॅस सक्तीने निवडा, किंवा फ्रिजचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा खटका, पाडा. बॅटरी ‘हिशोबाबाहेर’ उतरण्याचं हे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण.

त्याचा जुळा भाऊ म्हणजे चार्जर. तुमच्या गाडीत बॅटरी चार्जर वेगळा असेल आणि त्याचा एसी प्लग इन्व्हर्टरच्याच लाइनवर असेल, तर बॅटरी इन्व्हर्टरला वीज देते, इन्व्हर्टर चार्जरला देतो आणि चार्जर बॅटरीला परत देतो. प्रत्येक फेरीत घट. बैल घाण्याला जुंपलेला, तेल मात्र निघत नाही. इन्व्हर्टरवर असताना चार्जरचा एमसीबी पाडायचा. इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात असतील तर बदली आतच होते, ही भानगड नसते.

मीटर कधी लावायचा

सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. फ्रिज बंद पडल्यावर बॅटरीचा व्होल्टेज बघण्याला फारसा अर्थ नाही. लोड गेला की बॅटरी सावरते आणि १२.५, १२.६ असा साळसूद आकडा दाखवते. बघायचा तो फ्रिज लागण्याच्या क्षणाचा व्होल्टेज.

का, ते आकड्यांत सांगतो. चालू असताना १२० वॅट घेणारा साधा फ्रिज १२ व्होल्टच्या बॅटरीतून ११-१२ अँपिअर ओढतो. पण कॉम्प्रेसर जागेवरून हलताना तो त्याच्या कित्येक पट मागतो. समजा क्षणभर १,००० वॅट. म्हणजे बॅटरीतून ९० अँपिअरच्या वर. बाहेरच्या विजेला हा धक्का जाणवतही नाही, बॅटरीच्या वायरीला मात्र चांगलाच जाणवतो.

साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभराची घसरण निसटू शकते. सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं ‘मिन-मॅक्स’ बटण असेल तर ते वापरा. नसेल तरी हरकत नाही, कॉम्प्रेसर अडकत असेल तर ओव्हरलोड तुटेपर्यंत काही सेकंद तो तेवढाच करंट ओढत राहतो आणि आकडा पकडता येतो. एकाने फ्रिज लावायचा, दुसऱ्याने मीटर धरायचा.

दोन ठिकाणी मोजा. एकदा बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर. केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या थिंबलवर नाही, थेट खुंटीवर. दुसऱ्यांदा इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर.

दोन्हीकडे आकडा सारखाच कोसळला तर बॅटरी अशक्त आहे. बॅटरीवर १२ च्या आसपास आणि इन्व्हर्टरवर १०.५ च्या खाली, तर चोर मधल्या वायरीत. बहुतेक १२ व्होल्टचे इन्व्हर्टर साधारण १०.५ ला हात वर करतात. दोन्हीकडे आकडा धडधाकट आणि तरी ‘ओव्हरलोड’ येतो, तर इन्व्हर्टर लहान पडतोय किंवा फ्रिजमध्येच काही अडलंय. एवढ्या एका मोजमापाने निम्मी गाडी उघडायची वाचते.

वायर, थिंबल, फ्यूज

एका गाडीत फ्रिज रोज रात्री दोन-तीनदा पडायचा. मालकाने बॅटरी नवी घातली होती, इन्व्हर्टर मोठा घातला होता. मी काहीही न खोलता फ्रिज अर्धा तास चालू ठेवला आणि बोटाने एकेक जोड चाचपत गेलो. केबल गार, बॅटरीकडचा जोड गार, फ्यूजची एक बाजू गार. दुसऱ्या बाजूचं थिंबल मात्र कोमट, कुणी तरी मुठीत धरून ठेवल्यासारखं. खोलून पाहिलं तर थिंबल दाबताना केबलचं प्लास्टिक नीट सोललेलंच नव्हतं. अर्धं थिंबल तांब्याच्या तारांवर दाबलेलं, अर्धं प्लास्टिकवर. ओढल्याबरोबर केबल हातात आली.

असा जोड ०.०३ ओहमचा धरा. फ्रिज चालू असताना १२ अँपिअरला तिथे ०.३६ व्होल्ट पडतो, इन्व्हर्टरला कळतही नाही. कॉम्प्रेसर उठताना ९० अँपिअरला २.७ व्होल्ट पडतो, म्हणजे १२.५ चा झाला ९.८ आणि इन्व्हर्टर आडवा. म्हणून असा फ्रिज चालतो तेव्हा तासभर चालतो आणि पडतो तो लागतानाच पडतो.

वायरीचंही तसंच. बॅटरी ते इन्व्हर्टर ३ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तांबं. १० स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये ९० अँपिअरला साधारण ०.९ व्होल्ट जातो, ३५ स्क्वेअर एमएममध्ये पाव व्होल्टच्या जरा वर. केबल जाड करण्यापेक्षाही इन्व्हर्टर बॅटरीजवळ आणणं उत्तम. एसीची वायर लांब गेली तर बिघडत नाही, डीसीची आखूड हवी.

काम करताना: आधी फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद, मग निगेटिव्ह काढा, जोडताना निगेटिव्ह शेवटी. अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. पान्याने दोन खुंट्या जोडल्या गेल्या तर फ्यूज वाचवत नाही, तो खुंट्यांच्या पुढे असतो. थिंबल आणि खुंटी तारेच्या ब्रशने चकचकीत करा, पांढरं-हिरवं फुललेलं सगळं काढा, नट घट्ट आवळा. थिंबल हातोडीने ठोकून बसवू नका, दाबून बसवणारं क्रिंपिंगचं हत्यार वापरा. फ्यूज होल्डरचे स्प्रिंग सैल असतील तर होल्डरच बदला. फ्यूज काढून थेट जोडणं हा ‘तात्पुरता’ उपाय मी काही गाड्यांत कायमचा बसलेला पाहिलाय. केबल जळायला तो पुरेसा आहे.

इन्व्हर्टरला केबल परत लावताना बारीक ठिणगी उडते, त्याने दचकू नका. आतले कपॅसिटर भरून घेतात.

बॅटरी

लेड-अ‍ॅसिड असेल तर तासभर ना चार्ज ना लोड अशी ठेवून मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. पाणी घालायची बॅटरी असेल तर आतल्या पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावा. भरलेल्या सेलचा आकडा १.२६५ च्या आसपास असतो. पाच सेल नीट आणि एक ०.०५० ने किंवा जास्त खाली, तर ती बॅटरी गेली. चार्ज करत बसू नका.

लिथियममध्ये, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये (एलएफपी), व्होल्टेजवरून काही कळत नाही. बराच काळ तो १३.२ च्या आसपासच रेंगाळतो. तिथे शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी) लावलेला मॉनिटर हवा. लिथियमची खूण वेगळी: फ्रिज लागताना आकडा कोसळत नाही, एकदम नाहीसाच होतो. बॅटरीच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे रखवालदार सर्किटने, जास्त करंट बघून दार लावलेलं असतं. लहान बॅटरी आणि मोठा इन्व्हर्टर या जोडीत हे घडतं. दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या तर भार वाटला जातो, मात्र तुमच्या बॅटरीला तशी जोडणी चालते का ते आधी बघा.

पहाटेचं कोडं

संध्याकाळी ठीक आणि पहाटे बंद, याला बिघाड म्हणण्यापेक्षा वजाबाकी म्हणावं. १२० वॅटचा फ्रिज ४० टक्के वेळ चालला तर सरासरी ४८ वॅट. त्यावर इन्व्हर्टरची घट पाचेक वॅट. आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच २० वॅट खातो, हे कुणी मोजत नाही. २,००० वॅटच्या इन्व्हर्टरला १० ते ३० वॅट सहज लागतात. बेरीज ७३ वॅट, म्हणजे सुमारे ६ अँपिअर. ५० अँपिअर-तास आठ तासांत संपतात. रात्री आठला सुरू केलंत, पहाटे चारला संपलं. अर्धी उतरलेली, थंड पडलेली बॅटरी ६ अँपिअर अजूनही देते, पण ९० चा धक्का तिला सोसत नाही.

उपाय: फ्रिज निघण्याच्या आदल्या दिवशी बाहेरच्या विजेवर गार करा, सामान आधीच थंड करून भरा, फ्रिजएवढाच लहान इन्व्हर्टर वेगळा ठेवा. नाहीतर बॅटरी वाढवा. रात्री फ्रिज बंद ठेवून सकाळी लावणारेही आहेत. दार उघडलं नाही आणि आत थर्मामीटर ठेवला तर चालतं, पण आतलं तापमान ४ अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

बंद पडण्याची वेळ ठराविक नसेल आणि त्या वेळी कॉम्प्रेसर शांत असेल, तर डिफ्रॉस्टवर संशय घ्या. बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर असतो, काही मॉडेलांत ४०० वॅटपर्यंतचा, आणि तो एकदा लागला की वीस-तीस मिनिटं चालतो. ओव्हरलोड होण्याइतका तो मोठा नसतो, थकलेल्या बॅटरीला खाली बसवण्याइतका मात्र असतो.

इन्व्हर्टर आणि मग फ्रिज

मॉडिफाइड साइन वेव्हच्या, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांची वीज देणाऱ्या, इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर गुणगुणतो, जास्त तापतो, कधी लागतच नाही. इलेक्ट्रॉनिक कार्डं त्यावर बिघडू शकतात. फ्रिजला घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा प्युअर साइनच हवा. आणि डब्यावरचा मोठा आकडा बघून घेऊ नका, सतत किती वॅट आणि धक्का किती सेकंद सोसतो हे बघा. मॉडिफाइडचा एसी व्होल्टेज स्वस्त मीटरने मोजाल तर आकडा चुकीचाच येईल. कुठल्याही लहरीचा खरा आकडा देणारा ट्रू आरएमएस मीटर नसेल तर त्या आकड्यावरून इन्व्हर्टरला दोष देऊ नका.

आता फ्रिज. मागच्या कॉइलवरची धूळ काढा, हवेची जाळी मोकळी आहे का बघा. गाडीत फ्रिज कपाटात कोंबलेला असतो, गरम हवा कोंडली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि वर उठायलाही जड जातो. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून ओढा, सहज निसटली तर रबर गेलं. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर गाडी सपाट उभी करा, थोड्या अंशांचा कलही त्याला चालत नाही.

घरगुती फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरच्या बाजूला मोटरला सुरुवातीचा जोर देणारा लहान स्टार्ट रिले असतो. प्लग काढून तो उपसा आणि कानाजवळ हलवा. आत खुळखुळलं तर तुटलाय. फ्रिजमधली मी सुचवीन अशी ही एकच दुरुस्ती, याच्या पुढे हात घालू नका. डीसी फ्रिजच्या कंट्रोल युनिटवर सहसा एरर दाखवणारा छोटा दिवा असतो. किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि पुस्तिकेत बघा. कमी व्होल्टेजचा इशारा असेल तर परत वायरीकडे या.

इथे थांबा

इन्व्हर्टरचं झाकण उघडू नका, बॅटरी काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहते. अर्थ-लीकेज ब्रेकर (वीज जमिनीकडे गळली की तुटणारा) इन्व्हर्टरवरच पडत असेल तर प्रश्न न्यूट्रल आणि अर्थच्या जोडणीचा आहे, तो वाहनातल्या वायरिंगचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनचा. ब्रेकर पडू नये म्हणून अर्थ तोडणं हा गुन्हा समजा. गाडीच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिणलं तर सगळं बंद करून खाली उतरा.

फ्रिजमध्ये गॅस भरायचं काम स्वतः करू नका. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजच्या मागे अमोनियाचा झोंबणारा वास आला किंवा पिवळी भुकटी दिसली, तर फ्रिज गॅसवरून आणि विजेवरून दोन्हीकडून बंद करा, खिडक्या उघडा आणि तो पुन्हा लावूच नका. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर आधी सिलिंडर बंद करा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि बाहेर पडा. बॅटरी फुगली, तापली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग तोडा आणि माणूस बोलवा.

माणूस बोलावलात तर ‘फ्रिज चालत नाही’ एवढंच सांगू नका. कागदावर लिहून द्या: फ्रिज लागतानाचा बॅटरीच्या खुंटीवरचा व्होल्टेज, त्याच क्षणी इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरचा, केबल किती स्क्वेअर एमएमची आणि किती लांब, आणि बंद पडला तेव्हा बीप आधी झाला की ‘टक्’ आधी.